पाच टनांचा हिशेब

पायी वारी ज्यांना झेपत नसे, अशा कित्येक पिढ्यांची पंढरीची वाट कुर्डुवाडीवरून जायची. मुंबई-पुण्याकडून किंवा सोलापूरकडून मोठ्या गाडीनं यायचं, कुर्डुवाडीला उतरायचं, बोचकी आणि पोरं मोजून घ्यायची आणि पलीकडे उभ्या असलेल्या बुटक्या गाडीत जागा पकडायला धावायचं. आषाढी-कार्तिकीला जागा मिळणं म्हणजे पांडुरंगाचीच कृपा. मग ती गाडी माळरानातून डुलत डुलत निघे. तिच्या वेगावर विनोद करणं हा सोलापूर जिल्ह्यातला हक्काचा उद्योग होता. पुढच्या डब्यातून उतरावं, हरभऱ्याचा डहाळा उपटावा आणि मागच्या डब्यात चढावं, असं सांगणारे प्रत्येक गावात भेटत.

ही गाडी म्हणजे 'बार्शी लाईट'. अडीच फुटी रुळांवरची, एका खासगी कंपनीची रेल्वे. ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्या एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरला रेल्वेचे अभ्यासक जगभर ओळखतात. छोट्या रुळांच्या रेल्वेचा विषय निघाला की त्याचं नाव आधी घेतलं जातं. पण ज्या गावांचं नशीब त्यानं बदललं, त्या गावांतल्या घरांमध्ये हे नाव फारसं पोचलेलं नाही. आज आपल्या शहरांत मेट्रोचे खांब उभे राहत आहेत आणि रेल्वे आली की विकास येतो, असं जो तो म्हणतो आहे. अशा वेळी या माणसाचं आयुष्य पुन्हा वाचून काढावं. त्यात या प्रश्नाचं एक नव्हे, दोन-तीन उत्तरं आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

कॅलथ्रॉपचा जन्म ३ मार्च १८५७ चा. इकडे मीरतच्या छावणीत ठिणगी पडायला अजून दोन महिने होते. इंग्लंडच्या पूर्व भागात लिंकनशायरकडच्या डीपिंग गेट या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरात तो जन्मला. भावंडांत थोरला. त्याच्या पाठचा एक भाऊ, गाय, पुढे 'लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न' या बलाढ्य रेल्वेचा जनरल मॅनेजर झाला आणि सरदारकीला चढला. थोरल्याच्या वाट्याला असलं काही आलं नाही. शेतकऱ्याचा हा मुलगा इंजिनांच्या नादी लागला. रॉबर्ट स्टीव्हन्सनच्या नावाच्या प्रसिद्ध इंजिन कारखान्यात त्यानं सुरुवात केली. १८७४ मध्ये क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली, १८७९ मध्ये 'ग्रेट वेस्टर्न'मध्ये गेला आणि १८८२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, 'जीआयपी'चा लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला.

जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आजच्या मध्य रेल्वेची आजी. मुंबईहून मद्रासकडे जाणारा तिचा मोठा मार्ग १८५९-६० मध्ये सोलापूर जिल्ह्यातून गेला होता. साडेपाच फूट रुंदीचे भक्कम रूळ, दणकट पूल, सगळाच राजेशाही कारभार. पण असा मार्ग सरळ रेघेनं जातो. वाटेतल्या गावांची विचारपूस करायला त्याला सवड नसते. बार्शी अशीच बाजूला राहिली. तिच्यासाठी म्हणून जे स्टेशन दिलं त्याचं नाव 'बार्शी रोड', आणि तिथून बार्शी एकवीस मैल! ते स्टेशन कुर्डू गावच्या वाडीजवळ होतं. तीच पुढे कुर्डुवाडी जंक्शन म्हणून नावारूपाला आली.

बार्शी म्हणजे ऐऱ्यागैऱ्या गावाची गोष्ट नव्हती. 'बार्शी तिथं सरशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. बालाघाटाच्या डोंगरापलीकडे निजामाचा मुलूख. तिथला कापूस, गळिताचं धान्य, डाळी हे सगळं घाट उतरून बार्शीच्या पेठेत यायचं. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवरून हा माल आणत. गाडीरस्ते झाल्यावर बैलगाड्या आल्या. पेठेत माल विकला जाई, बांधला जाई आणि पुन्हा बैलगाडीत चढून बार्शी रोड गाठी. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं की ते एकवीस मैल मुंबईपेक्षा लांब वाटत असणार. सुगीत गाड्यांची रांग, भाड्याची ओढाताण, आणि कापसाचा भाव मुंबईत ठरेपर्यंत माल अजून चिखलातच.

कॅलथ्रॉपच्या नजरेला हेच पडलं. १८८७ च्या सुमारास त्यानं बार्शी रोड ते बार्शी अशा छोट्या रेल्वेची कल्पना मांडली. कल्पना म्हणून ती नवी नव्हती. मोठ्या नदीला ओढे मिळावेत तसे मोठ्या रेल्वेला छोटे फाटे असावेत, हे कुणालाही सुचण्याजोगं होतं. अडत होतं ते खर्चापाशी. मोठ्या रुळांचा फाटा बांधायचा तर भांडवल इतकं लागे की बार्शीच्या कापसातून त्याचं व्याजही सुटलं नसतं. बारीक रुळांचा बांधायचा तर त्यावर खेळण्यातल्यासारखे डबे चालत आणि त्यांत मालच मावत नसे. मी आयुष्याची तीसेक वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात घालवली. असे अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत. धंदा खरा असतो, गरज खरी असते, पण आकडे काही केल्या जुळत नाहीत. अशा वेळी बहुतेक माणसं आकडे फुगवतात. कॅलथ्रॉपनं यंत्र बदललं.

त्याचा विचार असा होता. रूळ महाग का होतात? कारण ते जाड लागतात. जाड का लागतात? कारण इंजिनाच्या एका जोडचाकावर फार मोठा भार येतो, आणि सगळा रस्ता, सगळे पूल त्या एका भारासाठी बांधावे लागतात. मागचे डबे त्या मानानं हलके, पण खर्च मात्र इंजिनाच्या सर्वात जड चाकाच्या हिशेबानं. मग भार सारखा वाटून का देऊ नये? इंजिन असो, मालाचा डबा असो की माणसांचा, चाकांच्या कुठल्याही जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये, असा नियम त्यानं घातला. भार वाढवायचा असेल तर चाकं वाढवा. म्हणजे रूळ हलके चालतील, पूल हलके चालतील, आणि त्या हलक्या रुळांवरून लांबरुंद डबेही धावतील. डब्यांचे सांगाडे त्यानं दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे घेतले. त्यामुळे डब्याचं स्वतःचं वजन घटलं आणि आतल्या मालाचं वाढलं. रूळ एका यार्डाला तीस पौंड वजनाचे, दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, पण डबा सात फूट रुंद! मोठ्या गाडीच्या शेजारी बुटका दिसला तरी आत बसणाऱ्याचे गुडघे दुखत नसत.

बारदान फाटू नये म्हणून हमाल पोती कशी रचतात ते पाहिलं की हे तत्त्व चटकन कळतं. त्यात जगावेगळं असं काही नव्हतं. जगावेगळा होता तो हट्ट. इंजिनापासून ब्रेकच्या डब्यापर्यंत सगळी गाडी एकाच नियमात बसवायची, कुठेही अपवाद नाही, असा तो हट्ट होता.

कल्पना पटवायला वेळ लागला. सरकारी पत्रव्यवहार, मंजुरी आणि भांडवलाची जमवाजमव यांत जवळजवळ आठ वर्षं गेली. तेवढ्यात कॅलथ्रॉप नोकरी सोडून इंग्लंडला परतला होता आणि सल्लागार इंजिनिअर म्हणून पोट भरत होता. १८९० मध्ये इझाबेल अर्ल हिच्याशी त्याचं लग्न झालं. संसार थाटलेल्या माणसानं सात समुद्रापलीकडच्या एकवीस मैलांचा नाद एव्हाना सोडायला हवा होता. त्यानं तो सोडला नाही. अखेर १८९५ मध्ये लंडनला 'बार्शी लाईट रेल्वे कंपनी' स्थापन झाली आणि तिचा सल्लागार इंजिनिअर म्हणून कॅलथ्रॉपचीच नेमणूक झाली.

डबे आणि इंजिनं बोटीवर चढवण्याआधी लीड्स शहराजवळ न्यूले इथं तात्पुरते रूळ टाकून त्यानं त्यांची जाहीर चाचणी घेतली. लीड्सच्याच किट्सन कंपनीनं बांधलेलं इंजिन तिथं धावलं. त्याला ओढणारी चाकं चार जोड्या आणि मागे आधाराला आणखी दोन जोड्या. एवढंसं इंजिन आणि चाकं मोजावीत तर बारा! निरनिराळ्या रेल्वेंचे इंजिनिअर ते पाहायला आले. इंग्लंडात त्याच सुमाराला, १८९६ मध्ये, हलक्या रेल्वेंसाठी स्वतंत्र कायदा झाला होता आणि खेडोपाडी स्वस्तात रूळ कसे न्यायचे याची चर्चा चालू होती. तिथल्या जाणकारांपुढे बार्शीची गाडी आधी धावली आणि मग ती बार्शीला आली, ही गंमतच म्हणायची.

१८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. काळ मोठा वाईट होता. १८९६-९७ च्या दुष्काळानं सोलापूर जिल्हा होरपळला होता आणि मुंबई-पुण्याकडे प्लेगनं थैमान मांडलं होतं. अशा वर्षात रेल्वे सुरू होणं हा शुभशकुन की अपशकुन, हे त्या वेळच्या माणसांना ठरवता आलं नसेल. पण गाडी चालली. जिथं बैलगाडीला दीड-दोन दिवस लागत, तिथं काही तासांत माल मोठ्या रेल्वेच्या धक्क्याला लागू लागला.

मग एकेक फाटा फुटत गेला. १९०६ मध्ये रूळ पंढरपूरच्या दिशेनं गेले आणि वारकऱ्यांची सोय झाली. पूर्वेकडे बालाघाट चढून, निजामाच्या मुलखात शिरून, १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली. बार्शीत सरकी काढण्याचे कारखाने आणि कापडगिरण्या उभ्या राहिल्या. लातूर तर पुढे मराठवाड्यातली डाळींची आणि तेलबियांची मोठी बाजारपेठ झालं. त्या भरभराटीचं सगळं श्रेय रेल्वेला देणं बरोबर नाही. जमीन काळी होती, शेतकरी कष्टाळू होता, व्यापारी धाडसी होता. पण माल निघायला वाट मिळाली आणि ती बारा महिने चालू राहिली, हे काही थोडं नव्हे.

सर्वात नवलाची गोष्ट झाली ती कुर्डुवाडीची. हे गाव ना नदीकाठचं, ना देवस्थानाचं, ना जुन्या पेठेचं. ते वाढलं ते एका अडचणीमुळे. मोठी गाडी साडेपाच फुटी, छोटी अडीच फुटी. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाऊ शकत नव्हता. त्यामुळे लातूर-बार्शीहून आलेलं प्रत्येक पोतं इथं उतरायचं आणि हमालाच्या पाठीवरून मोठ्या डब्यात चढायचं. प्रत्येक प्रवासी इथं गाडी बदलायचा. गाडी बदलायची म्हणजे थांबायचं, थांबायचं म्हणजे चहा, जेवण, पथारी, टांगा, मुक्काम. कंपनीचा कारखाना कुर्डुवाडीलाच. त्याच्याबरोबर फिटर, खलाशी, ड्रायव्हर, कारकून आले, त्यांची बिऱ्हाडं आली, शाळा आल्या. माढा तालुक्यातल्या एका वाडीचं नगरपालिकेचं गाव झालं. दोन रुळांतला तीन फुटांचा फरक एका गावाला किती वर्षं पोसतो, याचा हिशेब कुठल्याही प्रकल्प अहवालात मांडलेला नसतो.

या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. कंपनी लंडनची, भागधारक तिकडचे आणि नफाही तिकडे जाणारा. रेल्वे जशी माल बाजाराला नेते तशी ती गावातलं धान्यही गावाबाहेर नेते. दुष्काळात हे लोकांच्या डोळ्यांवर आल्याशिवाय राहत नसे. यात्रेच्या दिवसांत माणसं मालासारखी कोंबली जात. शिवाय प्रत्येक पोतं दोनदा हाताळायचं म्हणजे खर्च आलाच, आणि हा खर्च फिरून शेतकऱ्याच्याच भावातून वजा होतो. ज्या अडचणीवर कुर्डुवाडीचा हमाल जगला, तिचाच भुर्दंड लातूरच्या शेतकऱ्यानं भरला.

कॅलथ्रॉपला ही खोट ठाऊक होती. ती काढण्याचा त्यानं प्रयत्नही केला, पण तो इथं नव्हे, इंग्लंडात. बार्शीनं त्याचं नाव झालं होतं. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरची मोडकळीला आलेली रेल्वे अडीच फुटी करून देण्याचं काम त्याच्याकडे आलं. आपल्या माथेरानच्या गाडीलाही त्याचा सल्ला लाभला होता. आदमजी पीरभॉय कुटुंबानं नेरळहून डोंगरावर नेलेली ती दोन फुटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली आणि पर्यटकांची लाडकी ठरली. मात्र त्याच्या कल्पनांचं सर्वात पूर्ण रूप १९०४ मध्ये स्टॅफर्डशायर परगण्यातल्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात उभं राहिलं. आठ-सव्वाआठ मैलांची ती रेल्वे बार्शीचीच सख्खी बहीण होती. रूळ तेवढेच अडीच फुटी, इंजिनं त्याच किट्सनच्या कारखान्यातली आणि डब्यांची ठेवणही बार्शीच्या वळणाची. इंग्लंडच्या हिरव्यागार दरीत पिवळ्या रंगाचे ते डबे एखाद्या परदेशी पाहुण्यासारखे दिसत. एका इंजिनाला तर कॅलथ्रॉपचंच नाव दिलेलं होतं.

आणि इथं त्यानं बार्शीची खोट काढली. छोट्या रुळांवर चालणारा एक बसका, सपाट डबा त्यानं केला. मोठ्या रेल्वेचा आख्खा डबा, चाकांसकट, त्या डब्यावर चढवायचा आणि तसाच दरीत न्यायचा. उतरवाउतरव नाही, हमाली नाही, भुर्दंड नाही. कागदावर पाहिलं तर ही रेल्वे बार्शीपेक्षा दोन पावलं पुढे होती.

ती तीस वर्षांत बंद पडली. १९३४ मध्ये शेवटची गाडी गेली, पुढे रूळ उखडले आणि १९३७ मध्ये त्या जागेवर पायवाट झाली. आजही लोक तिथं सहलीला जातात, सायकली चालवतात. असं का झालं? त्या दरीत तांब्याच्या खाणी होत्या, पण त्या रेल्वे येण्याआधीच संपल्या होत्या. उरलं होतं ते गवळ्यांचं दूध आणि सुट्टीच्या दिवशी येणारे सहलकरी. दुधाला मोटारी मिळाल्या, सहलकऱ्यांना बसगाड्या. रेल्वे उत्तम होती, पण तिथं कुणी अडलेलंच नव्हतं.

बँकेतल्या माणसाला या दोन रेल्वे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही. इंजिनिअर एक, रूळ एक, इंजिनांचा कारखाना एक, हिशेब तोच पाच टनांचा. एक वाढत वाढत दोनशे मैलांवर गेली, दुसरीची पायवाट झाली. फरक रुळांत नव्हता. बार्शीत कापूस आधीपासून चिखलात रुतून बसला होता, पंढरपूरला माणसं आधीपासून पायी जात होती. त्या वाटेवरची वर्दळ कॅलथ्रॉपनं निर्माण केली नाही, त्यानं ती मोकळी केली. 'रेल्वे आणा, विकास आपोआप येईल' असं म्हणणाऱ्यांनी मॅनिफोल्डची पायवाट एकदा आठवावी, आणि 'एवढ्याशा गाडीनं काय होणार' असं म्हणणाऱ्यांनी लातूरचा बाजार.

इथवर ही रेल्वेवाल्याची गोष्ट झाली. पण कॅलथ्रॉपच्या आयुष्याचा शेवटचा अंक आकाशात घडला. एखाद्या कादंबरीकारानं तो लिहिला असता तर संपादकानं जुळवाजुळव म्हणून परत पाठवला असता.

रोल्स-रॉईस मोटारीतला जो रोल्स, तो चार्ल्स रोल्स कॅलथ्रॉपचा मित्र होता. जुलै १९१० मध्ये बोर्नमथच्या विमानमेळाव्यात रोल्सच्या विमानाची शेपटी मोडली आणि तो जागीच गेला. विमान अपघातात मरण पावलेला तो पहिला ब्रिटिश वैमानिक. पन्नाशी ओलांडलेल्या कॅलथ्रॉपनं त्यानंतर एकच ध्यास घेतला, विमानातून उडी मारून माणूस जिवंत खाली यायला हवा. रुळांवरचा भार वाटून देणारा माणूस आता हवेत लोंबकळणाऱ्या माणसाच्या भाराचा विचार करू लागला. त्यातून त्याची हवाई छत्री तयार झाली. तिला त्यानं 'गार्डियन एंजल', म्हणजे पाठराखा देवदूत, असं नाव दिलं. घडी घातलेली छत्री विमानाला बांधलेल्या पेटीत असे आणि माणसानं उडी घेतली की त्याच्याच वजनानं ती बाहेर ओढली जाऊन उघडे.

पहिलं महायुद्ध पेटलं होतं. वैमानिक पेटत्या विमानांतून खाली येत होते. जानेवारी १९१७ मध्ये क्लाइव्ह कॉलेट या न्यूझीलंडच्या वैमानिकानं चालत्या विमानातून ही छत्री घेऊन उडी मारली आणि सुखरूप उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑर्ड-लीझ या अधिकाऱ्यानं लोकांना दिसावं म्हणून लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी घेतली. हा गृहस्थ शॅकल्टनबरोबर दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आलेला, त्याला पुलाची काय भीती! पण लष्करी वरिष्ठांचं मन वळलं नाही. छत्री जड आहे, जागा खाते, अशा हरकती निघाल्या. छत्री हाताशी असली तर वैमानिक लढायचं सोडून उडी मारतील, अशी शंकाही होती असं म्हणतात. हेरांना शत्रूच्या मुलखात उतरवायला मात्र तीच छत्री चालली. ऑगस्ट १९१८ मध्ये अलेस्सांद्रो तांदुरा या इटालियन सैनिकाला रात्रीच्या काळोखात 'गार्डियन एंजल'नं शत्रूच्या ठाण्यामागे सोडण्यात आलं. त्याला सोडणाऱ्या विमानात वेजवुड बेन नावाचे एक ब्रिटिश अधिकारी होते. हेच बेन पुढे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी भारतमंत्री होते.

जर्मन वैमानिकांना १९१८ मध्ये हवाई छत्र्या मिळू लागल्या. ब्रिटिश लढाऊ वैमानिक मात्र युद्ध संपेपर्यंत छत्रीशिवायच उडत राहिले. किती तरुण वाचले असते, याचा हिशेब आता करता येत नाही. बार्शीच्या वेळी मंजुरीला आठ वर्षं लागली तेव्हा कापूस चिखलात थांबला. इथं मंजुरी थांबली आणि माणसं गेली.

त्याच युद्धाच्या शेवटाला घरावरही घाव पडला. भाऊ सर गाय कॅलथ्रॉप १९१९ च्या फेब्रुवारीत इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला. एव्हरार्ड तेव्हा बासष्टीला टेकला होता. लंडनजवळ लाउटन इथं त्याचं घर होतं आणि तिथं तो अरबी घोडे पाळत असे. त्यानं १९२० मध्ये घोड्यांवर एक पुस्तक लिहिलं. घोड्याला चाबकानं नव्हे, सोबत्यासारखं वागवून शिकवावं, असा त्याचा विषय. वाफेच्या इंजिनानं घोड्याचं आणि बैलाचं ओझं उतरवणाऱ्या माणसानं म्हातारपणी घोड्याची बाजू मांडावी, यात मला विसंगती दिसत नाही. कुणाच्या पाठीवर किती भार टाकायचा, हाच त्याचा जन्मभराचा प्रश्न होता.

३० मार्च १९२७ रोजी कॅलथ्रॉप वारला. त्याच वर्षी बार्शी लाईटचे रूळ पंढरपूरहून पुढे मिरजेला पोचले. लातूरपासून मिरजेपर्यंत ३२५ किलोमीटर, निजामाच्या बाजारपेठेपासून कृष्णाकाठापर्यंत. एकवीस मैलांच्या बैलगाडीच्या वाटेतून एवढं झाड वाढलं.

पुढची कथा आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोरची आहे. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारनं ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. एसटी आली, ट्रक आले. भोवतालच्या साखर कारखान्यांच्या आणि बाजार समित्यांच्या काळात पाच टनांचा हिशेब अपुरा पडू लागला. लातूर-बार्शीकडून मोठ्या रुळांची मागणी वर्षानुवर्षं होत राहिली. अखेर नव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग रुंद झाला. जुनी गाडी उस्मानाबाद शहराला वळसा घालून येडशीवरून जात असे. नवा मार्ग शहरापर्यंत नेला गेला, आणि आता धाराशिव झालेल्या त्या गावाला शंभर वर्षांनी स्टेशन मिळालं. लातूरजवळ २०१८ मध्ये रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. कुर्डुवाडीचा जुना कारखानाही टिकून आहे. मात्र गाडी बदलणारी गर्दी गेली. थेट गाडीतला पंढरपूरचा प्रवासी आता कुर्डुवाडीला खिडकीतून पाहतो आणि पुढे जातो. ज्या खोटीवर गाव वाढलं ती दुरुस्त झाली, आणि गावाला आपलं पोट नव्यानं शोधावं लागलं.

आणि ही खोट दुरुस्त व्हायला हवी होती, हे एप्रिल २०१६ मध्ये कळलं. लातूर शहर तहानलं होतं. तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती लातूरला गेली. कृष्णाकाठचं पाणी मांजराकाठच्या लोकांना पोचलं, वाटेत कुठेही टाकी बदलावी न लागता. जुन्या अडीच फुटी रुळांवर हे जमलं नसतं. पण मिरज ते लातूर ही वाट मुळात आखली गेली होती ती त्याच रेल्वेसाठी.

आज पुण्या-नागपुरात मेट्रो धावते आहे, स्थानकांच्या आसपास जादा चटईक्षेत्र देण्याची धोरणं आहेत, आणि स्टेशन जाहीर होण्याआधी तिथल्या जमिनीचा भाव जाहीर होतो. तालुक्याच्या गावांतूनही नव्या मार्गांच्या मागण्या निघतात. मागणाऱ्यांना चुकीचं म्हणायचं कारण नाही. फक्त कॅलथ्रॉप ज्या प्रश्नापासून सुरुवात करायचा तो आधी विचारावा. इथं आज कोण अडलं आहे, त्याचं ओझं किती आहे आणि ते पेलायला कमीत कमी केवढे रूळ लागतील? जमिनीच्या भावाचा हिशेब त्यानंतर करायला हरकत नाही.